उताराजवळची शेकोटी

स्मेरेचिनमध्ये कुणी पुरात वाहून गेलं, कुणी तोडलेल्या झाडाखाली सापडलं, कुणाची पोरगी परगावच्या शिपायाबरोबर पळाली, की त्या घरचं माणूस थोड्या दिवसांनी डोंगराच्या वरच्या अंगाला ओदोकिया उर्सुल्याककडे जायचं. जाताना मेंढीच्या दुधाचं चीज नाहीतर लोकरीचा गुंडा न्यायचं आणि म्हणायचं, "काकू, आमच्या माणसाचं गाणं बांधा."

ओदोकिया लगेच हो म्हणायची नाही. आधी विचारायची. तो घरातून निघाला तेव्हा पायात काय होतं? शेवटचं कुणाशी बोलला? पाऊस होता की नुसतं मळभ? लोक वैतागायचे. मेलेल्या माणसाच्या पायात काय होतं याचं आता काय करायचंय? पण ओदोकियाला ठाऊक होतं, आमच्या डोंगरात असं गाणं तीन पिढ्या टिकतं. त्यात एक शब्द खोटा पडला, तर मयताच्या रात्री एखादी म्हातारी उठून म्हणते, "असं नव्हतं गं ते," आणि गाणं तिथंच मरतं.

हा शंकेखोरपणा तिला नवऱ्याच्या मरणापासून लागला. मिखाइलो ओंडक्यांचा तराफा नदीतून खाली नेताना बुडाला, तेव्हा मुकादमाने सांगितलं की तो प्यायलेला होता. ओदोकिया तेव्हा ऐन तिशीत होती. तराफ्यावरच्या प्रत्येकाला तिने वेगवेगळं गाठलं, कुणाला गोठ्यात, कुणाला जत्रेत, आणि नदीवरच्या बांधाची दारं मुकादमानेच वेळेआधी उघडली होती हे खणून काढलं. तिचं पहिलं गाणं ते. मुकादम पुढे जिथे जाई तिथे ते त्याच्या आधी पोचलेलं असे. शेवटी तो खोरं सोडून गेला.

तेव्हापासून तिचा कशावरच विश्वास उरला नाही. दूध ताजं आहे म्हटलं तरी ती वास घ्यायची. लोक थट्टेने म्हणायचे, ओदोकियाकाकू मेणबत्ती लावून येते आणि देवाला पोचली का ते बघायला परत जाते.

मेणबत्ती लावायला तेव्हा जागा नव्हती म्हणा. चर्चला सोविएतने कुलूप घातलं होतं आणि आत खताची पोती रचली होती. नाताळ मात्र जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीत यायचाच, आणि नाताळ आला की कोल्यादा निघायची. गावचे पुरुष मेंढीच्या कातड्याच्या बंड्या घालून, हातात पितळी मुठीच्या लहान कुऱ्हाडी घेऊन दारोदार ख्रिस्तजन्माची गाणी म्हणत जायचे. पुढे त्यांचा म्होरक्या, ज्याला आम्ही बेरेझा म्हणतो. शेजारी सारंगीवाला; आमची सारंगी खांद्याला लावून वाजवतात. मागे त्रेंबिता, माणसाच्या दुप्पट लांबीचं लाकडी शिंग, जे फुंकलं की पलीकडच्या डोंगरावरच्या घरांना कळतं, आले रे. या मेळ्याने ज्या घराचं दार ओलांडलं त्या घराचं वर्ष चांगलं जातं. ज्याचं दार वगळलं त्या घराने तोंड कुठे लपवायचं?

सोविएतला हे खपत नव्हतं. पण वर्षानुवर्षं एक डोळा झाकला जात होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका नाताळात तो डोळा उघडला.

त्या सकाळी मेळा नदीच्या उतारापाशी, जिथून पायी पलीकडे जाता येतं तिथे, पोचला, तर समोर गावच्या सोविएतचा, म्हणजे सरकारी पंचायतीचा, अध्यक्ष बोइचुक आणि शाळेचे मास्तर उभे. त्रेंबिता काढून घेतली, कुऱ्हाडी काढून घेतल्या, सगळ्यांची नावं वर कळवली. म्हातारा बेरेझा ओनुफ्री, ज्याने जन्मभर मेळा चालवला, त्याची लाकूड-आगारातली राखणदारी गेली. मेळ्यातल्या फेदिरच्या मुलाला तंत्रशाळेत जागा मिळाली होती, ती रद्द झाली. बाकीच्यांचा पाणउतारा तेवढा झाला.

त्या सकाळी एकच जण मेळ्यात नव्हता. सारंगीवाला लुकिन मोचुराक. निरोप आला होता की त्याला ताप आहे. आणि त्याच दुपारी हाफियाने, दुकानवालीने, त्याला अंगणात लाकडं फोडताना पाहिलं.

मग काय विचारता. सुतावरून स्वर्ग गाठायला आमच्या गावाला वेळ लागत नाही. लुकिनला तरुणपणी सैबेरियात धाडलं होतं. त्याच्याबरोबर नेलेले दोघे तिकडेच मातीला मिळाले, हा मात्र परत आला. का आला? काय देऊन आला? त्याची पोरगी शहरात परिचारिकेचं शिकत होती. जुन्या कैद्याच्या पोरीला कुणी शिकू दिलं? इतकी वर्षं ज्या गोष्टींना लोक नशीब म्हणत होते, त्यांना आता वेगळाच वास यायला लागला. ईस्टरआधीचे लेंटचे उपास येईतो लुकिनची बायको पालाग्ना विहिरीवर आली की बायका घागर अर्धी भरलेली तशीच ठेवून निघून जायच्या.

बर्फ वितळायला लागल्यावर फेदिर ओदोकियाकडे आला. चीजचा मोठा गोळा टेबलावर ठेवला आणि टोपी न काढताच बसला.

"काकू, लुकिनचं गाणं बांधा."

"लुकिन मेला का?"

"मेला असता तर बरं होतं."

"जित्या माणसाचं गाणं मी बांधत नाही."

"मुकादमाचं बांधलंत की."

ओदोकियाने चुलीत लाकूड सारलं. फेदिर म्हणाला, "माझ्या पोराचं आयुष्य त्याने विकलं. कोर्टात जायचं तर कोर्ट त्यांचंच. आम्हाला तुम्हीच कोर्ट. एकदा तुम्ही गायलात की त्याच्या नातवंडांनासुद्धा ते नाव पुसता यायचं नाही."

"याचंच तर भ्या वाटतं," ती म्हणाली. पण चीज तिने परत केलं नाही. कारण खरं सांगायचं तर तिलाही लुकिनचा संशय होताच.

दुसऱ्या दिवशी ती लुकिनकडे गेली. तो गोठ्यात छपराच्या फळ्या तासत बसला होता. उंच, वाळका माणूस; सैबेरियाने डाव्या हाताची दोन बोटं अर्धी नेली होती आणि तरी खोऱ्यात त्याच्यासारखी सारंगी कुणाची नव्हती. त्याने तिला बसायला ठोकळा दिला. काय कामाने आलात हे विचारलं नाही.

"नाताळात ताप होता म्हणे तुला," ओदोकिया म्हणाली.

"होता."

"मलाही येतो हल्ली. काय घेतलंस?"

लुकिनने तासणी थांबवली. "रास्पबेरीचा काढा. पालाग्नाने दिला."

निघताना ओदोकिया स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. पालाग्ना मक्याचं पीठ घोटत होती. तिने मान वर केली नाही.

"पालाग्ना, लुकिनच्या तापावर काय केलंस गं? मला हवंय."

"व्हिनेगरचं फडकं कपाळाला. दुसरं काय असतं आपल्याकडे?"

"काढाबिढा?"

"काढ्याला मध लागतो. मध कुठाय?"

ओदोकिया घरी आली ती मनात पक्कं करूनच. दोघं दोन तोंडांनी बोलतात म्हणजे ताप नव्हताच. ताप नव्हता तर तो घरी का राहिला? पुढे काय होणार हे त्याला आधी ठाऊक होतं म्हणून. चुलीपुढे बसून तिने पहिल्या दोन ओळी गुणगुणून पाहिल्या:

*कोकिळा बोलली पाइनवर, बर्फ साचला उतारावर,*
*ऐका हो स्मेरेचिनकर, कोण विकलं गेलं नाताळावर.*

पण गाणं दोन ओळींचं नसतं. उतारापाशी नेमकं काय झालं ते तिला हवं होतं. मेळ्यातल्या एकेकाला ती गाठू लागली, वेगवेगळं, जसं पूर्वी तराफेवाल्यांना गाठलं होतं.

फेदिरच सगळ्यात जास्त बोलला. "थंडी अशी की मिशा गोठलेल्या. बोइचुक शेकोटीपाशी बसलेला. म्हणाला, या, शेका, मग बोलू. निखाऱ्यात बटाटे पुरलेले होते. काकू, त्याने आम्हाला बटाटे दिले. आमचं शिंग काढून घेतलं आणि बटाटे दिले."

"बटाटे शिजलेले होते?"

"राखेसारखे मऊ. मी खाल्ला नाही. बाकीच्यांनी खाल्ले."

"म्हणजे शेकोटी बऱ्याच वेळाची होती."

"असेल. नुसते निखारे होते. त्याचं काय?"

"काही नाही. तुम्ही नेहमी पुलावरून जाता ना? उताराकडे कसे वळलात?"

"ओनुफ्रीबाबा म्हणाला, पुलावर बर्फाचा काच झालाय, घसराल. निघालो तेव्हा म्हणाला. त्याच्या अंगणातून दहा पावलं आलो असू."

"आधी नाही?"

"आदल्या संध्याकाळी तर पूलच ठरला होता."

ओदोकियाने पुढचं काही विचारलं नाही. घरी येताना मात्र ती दोनदा वाट चुकली, जिच्यावरून ती जन्मापासून चालत होती. मेळा उताराकडे वळणार हे मेळ्यालाच निघाल्यावर कळलं. मग बोइचुक बटाटे शिजेपर्यंत उताराशी कसा बसला होता? आणि घरी पडून राहिलेल्या लुकिनला तर पूलच ठाऊक. त्याने सांगितलं असतं तर बोइचुक पुलावर थांबला असता.

उतार ठाऊक असलेला माणूस एकच होता. त्याच्या मागे उभं राहून ओदोकियाचा बाप गायला होता, नवरा गायला होता. तिला स्वतःचाच राग आला. वाटलं, या वेळी तरी आपली शंका खोटी निघू दे.

म्हणून ती दुकानात गेली. हाफियाला खोऱ्यातल्या प्रत्येक गाडीचा हिशेब असायचा.

"नाताळाच्या दिवशी पाव आला होता का गं?"

"दुपारी आला. दगड झालेला. पुलावर मिलिशियाच्या पोलिसांची बंद गाडी आडवी लावलेली होती ना, पावाची गाडी तासन्‌तास अडकली. जिल्ह्याची माणसं होती, ओळखीचं कुणी नाही. कशाला आली होती देव जाणे. संध्याकाळी रिकामीच परत गेली."

"हे कुणाला सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही. सगळे लुकिनबद्दलच विचारतात."

पुलावर बंद गाडी. उताराशी बोइचुक, मास्तर आणि बटाटे. ओदोकियाला मीठ घ्यायचं होतं, ते तसंच राहिलं. ती सरळ लुकिनच्या गोठ्यात गेली.

"तुला ताप नव्हता," ती उभ्यानेच म्हणाली. "तुला कुणीतरी घरी राहायला सांगितलं. कुणी ते मला कळलंय. तू फक्त मान हलव."

लुकिनने मान हलवली नाही. त्याने फळीवरचा भुसा तळव्याने झाडला आणि बराच वेळ झाडत राहिला.

"ओनुफ्रीबाबा आदल्या संध्याकाळी आला होता," तो शेवटी म्हणाला. "बोइचुक त्याचा धर्मपुत्र, बाप्तिस्म्याला बाबानेच त्याला धरलं होतं. त्याने बाबाला सांगितलं, या वर्षी जिल्ह्याला पकडायला माणसं हवीत. पुलावरून याल तर गाडीत जाल, माझ्या हातात काही नाही. उताराने याल तर शिंग आणि कुऱ्हाडी मला द्या, मी लिहितो मेळा मोडला. बाबाने मला म्हटलं, तू घरीच राहा. तुझं नाव कागदावर परत आलं तर तुला या वेळी परत येणं नाही."

"आणि मग गाव तुझ्या तोंडावर थुंकायला लागलं तेव्हा?"

"तेव्हा काय. माझ्यावर लोकांचा संशय मी परत आलो त्या दिवसापासूनच आहे, काकू. आधी तो गप्प होता, आता बोलायला लागला. पण बाबाचं कळलं तर पुढे कुठल्या बेरेझाच्या मागे कोण उभं राहील? सारंगी दुसरा कुणीही खरवडेल."

"पालाग्नाला ठाऊक आहे?"

"नाही. ती समजते मी भित्रेपणाने घरी राहिलो. माझ्यासाठी ती तापाचं खोटं बोलली."

विहिरीवरच्या अर्ध्या घागरी ओदोकियाच्या डोळ्यांपुढे आल्या. ती म्हणाली, "तुझ्या मोठेपणाचं बिल तुझी बायको भरते आहे, लुकिन." आणि निघाली.

ओनुफ्री आपल्या अंगणात उन्हाला बसला होता. तिला फाटकातून येताना पाहिलं तेव्हाच त्याला कळलं असावं, कारण तो उठून उभा राहिला, जसं पाहुण्यासाठी उठतात.

"किती उशीर लावलास," तो म्हणाला. "मला वाटलं होतं ईस्टरच्या आधी येशील."

"तुम्ही स्वतः का नाही बोललात?"

"वाटलं होतं, चार दिवसांत विसरतील. मग विसरले नाहीत. मग मला बोलायची लाज वाटायला लागली. जितका उशीर, तितकी लाज." त्याने टोपी नीट बसवली. "शिंग लाकडाचं असतं, ओदोकिया. लाकूड उगवतं. ती सगळी पोरं आज रात्री आपापल्या घरी जेवतील. याचा मला पस्तावा नाही."

"त्याचा नका करू. पालाग्नाचा करा."

तो खाली बसला. कोंबड्या अंगणात फिरत होत्या. ओदोकियाला त्याची दया आली आणि त्याच वेळी, आपण याला ओळखतच नव्हतो की काय, अशी एक थंड शंकाही येऊन गेली. हा आजवर आणखी काय काय एकट्याने ठरवत आला असेल?

"गाणं बांधणार?" त्याने विचारलं.

"बांधणार."

"पुलावरची गाडी घालशील त्यात?"

"घालीन. आणि बटाटेही. पण आधी तुम्ही बोलायचं. माझ्या गाण्यातून मेळ्याला कळलं तर तो तुमचा निवाडा होईल. तुम्ही बोललात तर निदान कबुली होईल."

ओनुफ्रीने उन्हाळा जाऊ दिला, शरद जाऊ दिला. ओदोकियाला वाटलं, हा टाळतो आहे. दर रविवारी ती त्याच्या फाटकावरून मुद्दाम जायची, आत न बघता. नाताळाच्या उपासाला सुरुवात झाली आणि नेहमीप्रमाणे पुरुष बेरेझा निवडायला जमले, तेव्हा त्याने टोपी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. धर्मपुत्राचं, गाडीचं, उताराचं, लुकिनच्या खोट्या तापाचं.

मग फेदिर उठला. "माझ्या पोराची जागा गेली ती तुम्ही वाचवलेल्यांत धरली होती का?" त्याने विचारलं. ओनुफ्रीने मान खाली घातली. फेदिर दार उघडं टाकून गेला आणि पुन्हा कधी मेळ्यात आला नाही. उरलेल्यांनी मेळ्यातल्याच वासिलला बेरेझा केलं. त्याचा आवाज फाटका होता पण त्याला पाठ सगळं होतं. काही जण तर बाहेर पडल्यावर कुजबुजले की म्हातारा लुकिनला वाचवायला खोटं बोलतोय. एकदा शंकेची चटक लागली की सत्यसुद्धा अळणी लागतं.

त्या नाताळात मेळा निघाला. शिंग नव्हतं, कुऱ्हाडींच्या जागी साध्या काठ्या होत्या, आणि कुणी अडवलं नाही. बोइचुक त्या दिवशी कामानिमित्त जिल्ह्याला गेला होता म्हणे. लुकिन सारंगी घेऊन पुढे होता. बायका मेळ्यात जात नाहीत, पण ओदोकिया मागोमाग चालत होती आणि तिला परत पाठवायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यात शेवटी, पंधरा-वीस पावलं अंतर ठेवून, ओनुफ्री.

पहिलं घर वासिलने लुकिनचंच निवडलं. अंगणात अर्धवर्तुळ करून ते उभे राहिले.

"ख्रिस्त जन्मला," वासिलने आरोळी दिली.

आतून उत्तर यायला हवं होतं, त्याचं स्तवन करा. उत्तर आलं नाही. दाराला आतून कडी होती. धुराड्यातून धूर येत होता.

ते गायले. बेथलेहेमचा तारा, गोठा, तीन राजे, घरधन्याच्या शेतात पिकणारा गहू, सगळं एका बंद दारापुढे म्हटलं. घरधनी स्वतःच बाहेर उभा राहून सारंगी वाजवत होता. गाणं संपलं तरी दार उघडलं नाही. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पालाग्ना," लुकिनने हळूच हाक मारली. "अगं, लोक आलेत."

"वर्षभर कुठे होते लोक?" आतून आवाज आला. मग थोड्या वेळाने, "त्यांच्यात ओदोकिया आहे का?"

"आहे," ओदोकिया म्हणाली.

"तिने एकटीने आत यावं."

कडी निघाली, ओदोकिया आत गेली, कडी पुन्हा लागली. टेबलावर पांढरं कापड होतं आणि त्यावर गहू, मध आणि खसखशीची नाताळची खीर, कुत्या, मांडलेली. म्हणजे मध कुठून तरी मिळवला होता. पालाग्ना पाठ करून चुलीशी उभी होती.

"तू तापाचं विचारायला आली होतीस तेव्हाच मला कळलं होतं कशाला आलीस ते," ती म्हणाली. "बांधलंस गाणं?"

"बांधलं."

"म्हण."

"इथे? आत्ता?"

"मग कधी? मयताला?"

ओदोकिया बाकावर बसली, हात मांडीवर ठेवले आणि गायली. कोकिळेची ओळ तीच होती, पुढचं सगळं बदललं होतं. पुलावरची आडवी गाडी होती, उताराजवळची शेकोटी होती, बटाटे होते, म्हाताऱ्याचा संध्याकाळचा सौदा होता, फेदिरच्या पोराची गेलेली जागा होती. विहिरीवरच्या अर्ध्या घागरी होत्या, आणि त्या ठेवून जाणाऱ्या बायकांत एक ओदोकिया होती, तिचं नाव तिने स्वतःच घातलं होतं. बाहेर बर्फात मेळा उभा होता आणि लाकडी भिंतीतून त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

गाणं संपल्यावर पालाग्ना वळली. डोळे कोरडे होते.

"एक चूक आहे," ती म्हणाली. "तू म्हणालीस मी त्याच्यासाठी खोटं बोलले, कारण तो भ्याला असं मला वाटलं. तसं नव्हतं. तो भ्याला नाही हे मला ठाऊक होतं. त्याच्याबरोबर मी बावीस हिवाळे काढलेत. काय ते ठाऊक नव्हतं, एवढंच."

ओदोकियाने जन्मात पहिल्यांदा कुणाचं म्हणणं दुसऱ्या तोंडून पडताळून न बघता मान्य केलं. "बदलते," ती म्हणाली, आणि तिथेच, बसल्या जागी, ती ओळ बदलून म्हणून दाखवली.

पालाग्नाने ऐकली, मान हलवली आणि जाऊन दार उघडलं.

"या," ती पुरुषांना म्हणाली. "बूट झटकून या."

एकेक जण खाली मान घालून आत आला. ओनुफ्री फाटकाशीच थांबला होता. पालाग्नाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. आत या असं ती म्हणाली नाही. तिच्याने ते झालं नसावं. तिने दार मात्र लावलं नाही. बाहेरची थंडी घरात शिरत होती, कुत्या गार होत होती, तरी ते तिने उघडंच राहू दिलं, आणि लुकिनने सारंगी पुन्हा खांद्याला लावली.